विंडोज, मॅक, लिनक्स : घरच्या नेटवर्कवर फाइल शेअर होत नसेल तर

नेटवर्कच्या यादीत दुसरा कॉम्प्युटर दिसत नाही म्हणून लगेच सेटिंग्ज उलटसुलट करू नका. यादीत नाव दिसणं आणि फोल्डर उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं अडलं तरी दुसरं नीट चालू असू शकतं.

म्हणून सुरुवात आयपी अ‍ॅड्रेसने, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक मशीनला मिळणाऱ्या क्रमांकाने करा. ज्या मशीनवर फोल्डर आहे त्याच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये तो मिळेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. विंडोजवर फाइल एक्सप्लोररच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश देऊन पुढे तो टाका. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून सर्व्हरच्या चौकटीत टाका. पुढे काय होतं ते नीट पाहा, कारण दोष कुठे आहे ते इथेच कळतं.

फोल्डर उघडला, तर अडचण फक्त नावाची होती. राउटरमध्ये त्या मशीनसाठी हाच अ‍ॅड्रेस राखून ठेवा आणि शॉर्टकट करून टाका.

बराच वेळ नुसतं फिरत राहून एरर आली, तर वाट अडली आहे. एक मशीन गेस्ट वाय-फायवर आहे का बघा. तिथून बाकीच्या मशीन सहसा दिसतच नाहीत. शेअर करणाऱ्या विंडोजवर नेटवर्क 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. लिनक्सवर सांबा (विंडोजच्या पद्धतीने फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम) चालू आहे ना, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणाऱ्या सुरक्षेत, फाइल शेअरिंगचा टीसीपी पोर्ट ४४५ मोकळा आहे ना, तेही तपासा. फायरवॉल पूर्ण बंद करायची मात्र गरज नाही.

पासवर्ड विचारला, तर वाट मोकळी आहे, प्रश्न खात्याचा आहे. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. विंडोज उघडताना आपण जो पिन टाकतो, तो नेटवर्कवर चालत नाही. त्या मशीनवरच्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर युजरनेमच्या जागी पूर्ण ईमेल टाका. तरीही जमेना, तर शेअरिंगपुरतं वेगळं लोकल खातं काढणं मला सोपं वाटतं. मॅकवर फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समध्ये विंडोज शेअरिंगसाठी आपल्या खात्यापुढे टिक करावी लागते. लिनक्सवर सांबाचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डहून वेगळा ठेवलेला असतो, तो आधी सेट करा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद असतो.

एक विनंती : जुनं उपकरण जोडायला एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे फाइल लॉक करून खंडणी मागणारं मालवेअर याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून पसरलं. उपकरणातच एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय आहे का ते शोधा.

फोल्डर उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही? विंडोजवर परवानग्या दोन ठिकाणी असतात, 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या टॅबमध्ये, आणि दोन्हींतली जास्त कडक असेल तीच लागू होते. दोन्हीकडे 'चेंज' किंवा 'मॉडिफाय' द्या. बदल करूनही जुनीच एरर येत राहिली, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) त्या मशीनची जुनी नोंद काढा, साइन आउट करून पुन्हा आत या आणि परत जोडा.