दिव्यांगांसाठी सरकारी आरोग्य विमा: निरामय आणि जनआरोग्य

अर्ज भरण्याआधी खर्चाचा हिशोब मांडा. पैसे ॲडमिट झाल्यावर जातात, की दर आठवड्याच्या थेरपीवर? या दोन खर्चांसाठी दोन वेगळ्या योजना आहेत आणि एकीकडून दुसरीचं काम होत नाही.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाची (या चार दिव्यांगतांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) ‘निरामय’ योजना आधी घ्या. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, पूर्वीचे आजारही धरले जातात. मुख्य म्हणजे ओपीडी, औषधं आणि फिजिओथेरपी, स्पीच थेरपी यांचाही खर्च मिळतो. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५००. नूतनीकरणाला अनुक्रमे ५० आणि २५०. अर्ज न्यासाकडे नोंदणीकृत संस्थेमार्फत करता येतो.

अर्ज अडतो तो बहुधा प्रमाणपत्रावर. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘अस्थिव्यंग’ लिहिलेलं असेल, तर तो निरामयच्या चार गटांत बसत नाही. प्रमाणपत्र घेतानाच निदान नेमकं लिहून घ्या. नंतरची दुरुस्ती फार वेळखाऊ असते.

निरामय कॅशलेस नाही. आधी खिशातून भरा, मग दावा करा, तोही उपचार संपल्यापासून किंवा डिस्चार्जपासून ३० दिवसांत. मूळ बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी, बँक तपशील जोडा. थेरपीच्या बिलावर ‘मार्च महिन्याचे ४,०००’ एवढंच लिहून घेऊ नका. प्रत्येक सत्राची तारीख, मुलाचं पूर्ण नाव, थेरपिस्टची सही आणि शिक्का हवा. आणखी एक: १ लाख हा सगळा मिळून आकडा आहे. शस्त्रक्रिया, ओपीडी, थेरपी यांना आत वेगवेगळी मर्यादा असते. एका कप्प्यातले उरलेले पैसे दुसऱ्यात वळत नाहीत.

मोठ्या आजारपणासाठी आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहेत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, कॅशलेस, पण फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठी. महाराष्ट्रात आता तिन्ही रंगांच्या रेशनकार्डांना लाभ मिळतो. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, कोणालाही ही योजना चालते आणि त्यासाठी दिव्यांग असल्याचा दाखला लागत नाही. लागतं ते रेशनकार्डावर रुग्णाचं नाव, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो: दिव्यांग मुलाचं नाव चढवायचं राहून गेलेलं असतं. आजारपण येण्याआधी ते तपासा. रुग्णालयात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला गाठा. आधी रोख भरून मागाहून परतावा मागणं अवघड जातं.

घरात ७० वर्षांचं किंवा त्याहून मोठं कोणी असेल, तर त्यांचं वेगळं आयुष्मान कार्ड काढा. तिथे उत्पन्नाची अट नाही. निरामयचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं, म्हणून नूतनीकरणाचे कागद फेब्रुवारीतच संस्थेकडे द्या.