प्रोपेलर चिपसाठी सी कंपायलर: हबची पाळी चुकू देऊ नका

पार्सरपासून सुरुवात करू नका. सी वाचणारा भाग एलसीसीसारख्या तयार कंपायलरमधून उचलता येतो. नांदेड-संभाजीनगरकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला वेळ मोजकाच मिळतो. तो कोड जनरेटरवर, म्हणजे चिपच्या सूचना तयार करणाऱ्या भागावर घाला.

पॅरॅलॅक्स कंपनीच्या पहिल्या प्रोपेलर मायक्रोकंट्रोलरमध्ये ३२ बिटांचे ८ कॉग, म्हणजे स्वतंत्र प्रोसेसर आहेत. प्रत्येकाची स्वतःची मेमरी ५१२ लाँग (३२ बिटांचे शब्द), सगळ्यांना पाळीपाळीने मिळणारी सामाईक हब रॅम ३२ किलोबाइट. हार्डवेअर स्टॅक नाही, गुणाकार नाही. कॉल केला की परतीचा पत्ता रिटर्नच्या सूचनेतच लिहिला जातो, म्हणून रिकर्जन केलं, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावलं, की आधीचा पत्ता पुसला जातो.

यावर एक उपाय: कोड आणि स्टॅक हबमध्ये ठेवा, कॉगमध्ये छोटं कर्नल बसवा. कर्नल हबमधून सूचना आणतं, पीसीत (पुढच्या सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या प्रोग्राम काउंटरमध्ये) ४ मिळवतं, सूचना चालवतं आणि मागे उडी मारतं.

खरी मेख इथेच आहे. जायकवाडीच्या कालव्याची पाणीपाळी हुकली की पुढच्या पाळीपर्यंत रान कोरडं, तसंच हबचं. प्रत्येक कॉगची पाळी १६ क्लॉकनी येते. वरच्या फेरीला ८+४+४+४, म्हणजे २० क्लॉक लागतात. पाळी हुकते आणि दर सूचनेला ३२ क्लॉक जातात. पहिल्या तीन पायऱ्या ओळीने आठ वेळा लिहा, उडी फक्त शेवटी ठेवा. ८+४+४, बरोबर १६. ८० मेगाहर्ट्झला सेकंदाला २५ लाख सूचना चालत होत्या, त्या ५० लाखांच्या जवळ जातात. एवढ्या छोट्या बदलाने वेग जवळपास दुप्पट होतो.

जवळची उडी म्हणजे पीसीत बेरीज-वजाबाकी. सूचनेत बसणारा आकडा ९ बिटांचा, म्हणून मर्यादा १२७ सूचना. पीसी आधीच ४ ने सरकलेला असतो. ते विसरलं की उडी एक सूचना पुढे पडते. लांबची उडी आणि कॉल कर्नलच्या रूटीनमधून करा, पूर्ण पत्ता लगेच पुढच्या लाँगमध्ये ठेवा.

स्टॅक आणि स्ट्रक्चर ४ च्या पटीत ठेवा. हबमधून लाँग वाचणारी रीडलाँग ही सूचना पत्त्याचे खालचे दोन बिट बघतच नाही: १०२ मागितलं तर गुपचूप १०० वरचं देतं, एरर नाही.

नवा कॉग चालू होताना कर्नल त्यात भरायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात. त्याचा पीसी आणि स्टॅकचा पत्ता ज्या जागेत ठेवलात, ती तोवर बदलू नका. ती जागा लोकल व्हेरिएबल असेल आणि फंक्शन आधीच परतलं, तर कॉग कचरा वाचून भरकटतो. त्याने वाचल्याची खूण मिळेपर्यंत थांबा.

एकच काउंटर दोन कॉग वाढवत असतील तर व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा सीमधला शब्द) पुरत नाही. वाचणं, वाढवणं, लिहिणं या तीन वेगळ्या सूचना आहेत. मध्ये दुसरा कॉग घुसतो. एका वेळी एकाच कॉगला घेता येणारे ८ लॉक चिपमध्ये आहेत, त्यांतला एक त्यासाठी राखून ठेवा.