अंडं फोडलं, आता टरफलाचं काय?

आमच्याकडे महिन्याला दोन ट्रे, म्हणजे 60 अंडी लागतात. पूर्वी टरफलं सरळ माडाच्या बुंध्यात भिरकावायची मी, अख्खा पावसाळा झोडपून गेला तरी दिवाळीला ती तशीच्या तशी, फक्त वर थोडं शेवाळ. तेव्हा डोक्यात आलं की नुसती टाकून काही होत नाही, पीठ करायला लागतं.

आधी आतलं बघू. फोडल्यावर टरफलाला चिकटलेला पांढरा बोटाने पुसून घ्या. कालवणाला अंडी वेगळी उकडूच नका, खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा उकळला की गॅस बारीक करून एकेक अंडं वाटीत फोडून अलगद सोडायचं, झाकण ठेवायचं, सात-आठ मिनिटं डाव फिरवायचा नाही. केकसाठी पांढरा वापरून बलक उरले तर तेही असेच रश्शात. पांढराच उरला तर कांदा-मिरची घालून पोळा. दोन दिवसांच्या वर फ्रीजमध्ये ठेवू नका.

आता टरफलं. लगेच धुवायची, नाहीतर मुंग्या आल्याच. आतला पापुद्रा सोलत बसू नका. दहा मिनिटं उकळा (ते पाणी गार करून कुंडीत), मग सुपात घालून कडक उन्हात दोन दिवस, आणि पावसाळ्यात जुन्या तव्यावर मंद आचेवर, पापुद्रा कागदासारखा कुरकुरेपर्यंत. मिक्सरच्या कोरड्या छोट्या भांड्यात रांगोळीइतकं बारीक फिरवायचं, आणि झाकण लगेच उघडायचं नाही हं, सगळी धूळ नाकात जाते.

टरफलात जवळपास 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच. आपल्याकडे कोकणात पाऊस एवढा की जांभ्या मातीतला चुना धुऊन जातो, माती आंबट होते, म्हणून हे पीठ इथे उपयोगाचं. मिरची, टोमॅटो, वांग्याच्या कुंडीत दोन चमचे, मातीत नीट कालवून. फरक लगेच दिसत नाही, आणि शेणखत बंद करू नका, यात नत्र नावालाच असतं. एक्झोराच्या फुलझाडाला मात्र घालू नका, त्याला आंबट मातीच आवडते. 60 अंड्यांचं पीठ होतं साधारण 300 ग्रॅम, त्यात वाडी होत नाही, कुंड्या होतात.

कोंबड्या असतील तर पीठ नको, तांदळाएवढे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवा. आजी म्हणायची, "टाकू नको गो, कोंब्यांक घाल." पण अर्धी टरफलं कधी घालू नका, आमच्या एकीला चटक लागली आणि ती खुराड्यातली ताजी अंडीच फोडायला लागली.

कागदी ट्रे जूनमध्ये चूल पेटवायला एकदम बेस्ट.

आणि टरफलं टांगली की पाल येत नाही म्हणतात ना, ते करून बघितलं, आमची पाल टरफलावरच बसून डास खात होती.