सी++२० कडे वळण्यापूर्वी: चर्चा आणि प्रशिक्षणाची तयारी

सी++ भाषेचे मानक २०११ पासून दर तीन वर्षांनी नव्याने ठरते. त्यातली २०२० ची आवृत्ती (सी++२०; १४, १७, २३ हेही असेच वर्षांचे आकडे) गेल्या दशकातली सर्वांत जड आहे, कारण कॉन्सेप्ट्स (टेम्प्लेटला कोणते प्रकार चालतील याच्या अटी), मॉड्यूल्स (हेडर फाइलींऐवजी कोडची विभागणी), कोरूटिन्स (मध्येच थांबून पुढे चालू होणारी फंक्शन्स) आणि रेंजेस (डेटाच्या मालिका एकसंध हाताळण्याची सोय) ही चार मोठी प्रकरणे तिने एकदम आणली. टीमने या मानकावर जायचे ठरवले की बहुतेक ठिकाणी आधी प्रशिक्षक बोलावला जातो, मग कोड बदलायला घेतला जातो आणि वाद कोड रिव्ह्यूमध्ये उफाळतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे: आधी स्वतःच्या कोडची पाहणी, मग मोकळी चर्चा आणि लेखी निर्णय, आणि प्रशिक्षण त्यानंतर.

पाहणीची सुरुवात कंपायलरपासून, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनापासून करावी. आपले सॉफ्टवेअर ज्या ज्या प्लॅटफॉर्मवर बिल्ड होते, तिथे कोणता कंपायलर कोणत्या आवृत्तीचा आहे हे बिल्ड सर्व्हरवर प्रत्यक्ष पाहून लिहून काढावे. जीसीसी या कंपायलरच्या ११ ते १५ या आवृत्त्यांत काही न सांगता मिळते ते सी++१७, म्हणून तिथे २० हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. मानकाचे वर्ष सांगणाऱ्या मॅक्रोवर (कंपायलरने आधीच ठरवलेल्या __cplusplus या नावावर) कोडमध्ये कुठे अटी घातल्या असतील तर त्या आवर्जून तपासाव्यात. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर वेगळा पर्याय दिल्याशिवाय या मॅक्रोची किंमत आजही १९९७११ अशीच, म्हणजे पहिल्या मानकाच्या काळातली, सांगतो. बाहेरून तयार स्वरूपात घेतलेल्या लायब्ररींची यादी करावी आणि त्यांच्या पुरवठादारांना लेखी विचारावे. १४ वरून थेट २० वर उडी मारायची असेल, तर १७ मध्येच मानकातून काढून टाकलेले ऑटो_पीटीआर (जुना स्मार्ट पॉइंटर) आणि रँडम_शफल (क्रम विस्कटणारे जुने फंक्शन) कुठे उरले आहेत का, हेही पाहावे.

पुण्याच्या परिसरात वाहनांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीम पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापुढे आणखी एक प्रश्न असतो. मिस्रा सी++ या सुरक्षित कोड लिहिण्याच्या नियमांची २०२३ ची नियमावली सी++१७ गृहीत धरून लिहिलेली आहे. ज्या कोडला ही नियमावली करारानेच बंधनकारक आहे, तो २० वर नेण्याआधी ग्राहकाशी बोलणे आवश्यक आहे, आणि उत्तर नकारार्थी आले तर तेवढा भाग १७ वरच ठेवण्यात काहीही कमीपणा नाही.

यानंतर एका वेगळ्या ब्रँचवर कोडची एकही ओळ न बदलता फक्त मानकाचा पर्याय बदलून पूर्ण बिल्ड करावा आणि येणारी प्रत्येक एरर व वॉर्निंग नोंदवून ठेवावी. पुढची चर्चा आणि प्रशिक्षण या नोंदींवरच उभे राहणार असल्याने इथे घाई करू नये. देवनागरी मजकूर कोडमध्येच लिहिणाऱ्यांना एक गोष्ट हमखास भेटेल: ‘यू८’ हा उपसर्ग लावून लिहिलेला ‘नमस्कार’ सी++१७ मध्ये साध्या कॅरेक्टरचा मजकूर होता, २० मध्ये तो चार८_टी या स्वतंत्र प्रकाराचा होतो. त्यामुळे तो साध्या स्ट्रिंगमध्ये ठेवता येत नाही आणि सीआउट या नेहमीच्या आउटपुट मार्गाने छापताही येत नाही. जुने वर्तन परत आणणारा पर्याय प्रमुख कंपायलर देतात. तो तात्पुरता घ्यायचा की मजकूर हाताळणारा कोड दुरुस्त करायचा, हे त्याच वेळी ठरवावे. तुलनेच्या ऑपरेटरचेही तसेच आहे. क्लासच्या आत ‘समान आहे का’ हा ऑपरेटर लिहिताना शेवटचा कॉन्स्ट (हे फंक्शन ऑब्जेक्ट बदलत नाही, असे सांगणारा शब्द) राहून गेला असेल, तर १७ मध्ये ते कोणाच्या लक्षात येत नाही. २० चे नियम मात्र दोन्ही बाजूंची अदलाबदल करूनही जुळणी शोधतात, त्यामुळे तीच तुलना संदिग्ध ठरते आणि वॉर्निंग येते. ही वॉर्निंग बंद करू नये. राहिलेला कॉन्स्ट लिहावा.

आता चर्चा. इथे मतभेद होणारच आणि ते दडपू नयेत, कारण खुद्द मानक समितीतही ते तीव्र असतात. कॉन्सेप्ट्स २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या बैठकीत मसुद्यातून काढल्या गेल्या आणि मानकात आल्या त्या थेट २०२० च्या आवृत्तीत. काँट्रॅक्ट्स, म्हणजे फंक्शनने पाळायच्या अटी कोडमध्येच लिहिण्याची सोय, २०१८ मध्ये रॅपर्सविल येथे सी++२० च्या मसुद्यात घेतले गेले, पुढच्याच वर्षी कोलोनमध्ये वगळले गेले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत हागेनबर्ग येथे सी++२६ साठी पुन्हा स्वीकारले गेले. चर्चेला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्याच कोडमधले एक फंक्शन जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रूपांत लिहून आणावे, दोन्हींचा कंपाइल होण्याचा वेळ मोजावा आणि मुद्दाम चूक करून एरर कशी दिसते तेही दाखवावे. कॉन्सेप्ट्सची बाजू यात बहुतेक वेळा आपोआप सिद्ध होते. मॉड्यूल्सबाबत मी सावध राहीन: सीमेक या बिल्ड मांडणाऱ्या साधनात त्यांना पक्का आधार ३.२८ या आवृत्तीपासून मिळाला आणि तोही मेकफाइल जनरेटरसह चालत नाही, म्हणून बिल्ड सांभाळणारी व्यक्ती हजर नसताना त्यांच्यावर निर्णय घेऊ नये. चर्चा मराठीत होऊ द्यावी, म्हणजे नुकतेच रुजू झालेलेही मोकळेपणाने बोलतात. निर्णय मात्र लेखी असावा: आजपासून काय वापरायचे, परवानगीने काय आणि तूर्त काय नाही, प्रत्येकापुढे एका वाक्यात कारण.

प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम या निर्णयातून काढावा. जे वापरायचेच नाही ते शिकवण्यात वेळ घालवू नये. आधी वाचायला शिकवावे आणि मग लिहायला. रेंजेस शिकवताना व्ह्यू (दुसरीकडे असलेल्या डेटाकडे पाहण्याची जणू खिडकी) स्वतः सहसा डेटा धरून ठेवत नाही, हे पहिल्याच तासात उदाहरणाने बिंबवावे. कोरूटिन्स फक्त गरज असलेल्यांनाच शिकवाव्यात, कारण सी++२० ने केवळ यंत्रणा दिली आणि वापरायला सोपा असा स्टँडर्ड जनरेटर (एकेक मूल्य देत जाणारी तयार कोरूटिन) सी++२३ मध्ये आला. त्यांतला मुख्य धोका प्रत्यक्ष करून दाखवावा: कोरूटिन एखादी स्ट्रिंग रेफरन्सने घेते, बोलावणारा तात्पुरती स्ट्रिंग देतो, कोरूटिन मध्येच थांबते आणि तेवढ्यात ती स्ट्रिंग नष्ट होते, कारण फ्रेममध्ये, म्हणजे कोरूटिनने आपली मूल्ये जपलेल्या जागेत, प्रत फक्त रेफरन्सची राहिलेली असते. हा सराव ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन) चालू ठेवून करावा आणि त्याचा अहवाल सर्वांनी मिळून ओळीओळीने वाचावा. बाकीचे सराव चाचणी बिल्डच्या नोंदींतून निवडावेत आणि प्रत्येक दुरुस्ती नेहमीच्या रिव्ह्यूमधूनच जाऊ द्यावी.

काँट्रॅक्ट्सची तयारी आतापासून करायची असल्यास नवे काही लिहू नये. ॲसर्टचा, म्हणजे अट खोटी निघाल्यास प्रोग्रॅम थांबवणाऱ्या तपासणीचा, आजचा वापर तपासावा. नव्या नियमांत एखादी अट दुर्लक्षित करायची, नोंदवून पुढे जायचे की तिथेच थांबायचे, हे बिल्ड करताना ठरवता येते, आणि वाद मुख्यतः त्यावरच आहे. ॲसर्टमध्ये दिलेल्या अटीच्या आत कोणी एखादे मूल्य बदलत असेल, तर असा कोड रिलीज बिल्डमध्ये, जिथे ॲसर्ट सहसा बंद असतो, आजही वेगळा वागतो. तो शोधून वेगळ्या ओळीवर काढावा. ‘तूर्त नाही’ या यादीपुढे फेरविचाराची तारीख लिहावी आणि त्या दिवशी ती पुन्हा उघडण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर नोंदवावी.