केनेडींची कागदपत्रं बघायला जाण्याआधी

बोस्टनला समुद्राकाठी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचं ग्रंथालय आणि संग्रहालय आहे, १९७९ साली सुरू झालेलं. संग्रहालय तिकीट काढून बघता येतं. मूळ कागद हाताळायचे तर संशोधन कक्षाची वेळ आधी ठरवा. त्याही आधी घरबसल्या संकेतस्थळावरची सूची चाळा. बरेच कागद स्कॅन झालेत, कदाचित खेप वाचेल. नसतील, तर खोक्याचा क्रमांक आणि फोल्डरचं नाव टिपून न्या. नुसतं ‘भारताविषयीचं काय आहे ते दाखवा’ म्हणून भागत नाही. कक्षात पेन चालत नाही, पेन्सिलच. एका वेळी एकच फोल्डर उघडा आणि कागदांचा क्रम अजिबात बदलू नका. आणि हो, कादंबरीकार हेमिंग्वेची हस्तलिखितंही इथेच आहेत!