हॉकर ८०० ओळखायचं कसं, आन त्याच्या आधीचं खानदान

इलेक्शनच्या टायमाला आपल्या जळगाव विमानतळावर छोटी जेट उतरतात, बाहेरची पोरं सगळ्यांनाच "प्रायव्हेट जेट" म्हणून मोकळी होतात, पण भो त्यात हॉकर असलं तर नीट बघा, फार जुन्या घराण्याचं विमान आहे ते.

आधी शेपूट बघायचं. आडवा पंख उभ्या शेपटीच्या टोकाला नाही, बुडाला नाही, मधात असतो. लिअरजेट, चॅलेंजर ह्या दुसऱ्या छोट्या जेटचा वर टोकावर असतो, ते लगेच बाद. फाल्कन नावाच्या जेटचा पण मधातच असतो आन इथंच लोक फसतात, पण त्याचा खाली झुकलेला असतो, हॉकरचा तसा नाही.

मग पोट. मेन पंख बॉडीच्या खालून आरपार गेलाय म्हणून तिथं फुगवटा दिसतो, आन त्याच्यामुळंच आत उंची साधारण पावणेसहा फूट मिळते, जुन्या लिअरजेटमधे वाकून चालावं लागतं तसं इथं नाही. पंखाची टोकं वर वळलेली असली तर बहुतेक ८५०एक्सपी नाहीतर ९००एक्सपी, म्हणजे हॉकरचीच पुढची मॉडेलं, पण काहींनी जुन्या ८०० ला पण नंतर विंगलेट (अशी वळलेली टोकं) बसवून घेतले, त्यामुळे नुसत्या टोकावर जाऊ नका.

मला सगळ्यात भारी वाटते ती बर्फाची सिस्टीम. बाकी बऱ्याच जेटमधे इंजिनची गरम हवा पंखाच्या कडेला फिरवतात, हॉकरच्या कडेला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून ग्लायकॉलचं लिक्विड पाझरतं आन बर्फ धरतच नाही. साधं काम, पण डोकं लावून केलेलं.

नावाचा घोळ असा: १३ ऑगस्ट १९६२ ला इंग्लंडात हॅटफिल्डला पहिल्यांदा उडालं तेव्हा डी हॅविलँड १२५, मग हॉकर सिडली, मग ब्रिटिश एरोस्पेस, १९९३ ला रेथिऑनने घेतलं, २००७ पासून हॉकर बीचक्राफ्ट, आन २०१२ ला ती कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा हॉकर जेट बनायची थांबली. सुरुवातीला व्हायपर इंजिन होतं, आपल्या हवाईदलाच्या किरण ट्रेनरला होतं त्याच घरचं, आवाज जबरी आन तेल पण खूप प्यायचं. १९७६ च्या ७०० सिरीजपासून गॅरेट कंपनीचं टर्बोफॅन (पुढं मोठा पंखा असलेलं जेट इंजिन) लावलं आन खरं सांगतो, त्या एका बदलावर हे विमान पुढं एवढी वर्षं टिकलं. ८०० आलं १९८३ ला.

बघायचं कंपाऊंडच्या बाहेरूनच, गार्ड नाही म्हटला तर हटायचं. मोबाईलवर फ्लाइटरडार ह्या विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपमधे टाइप कोड (विमानाच्या प्रकाराचं छोटं नाव) एच२५बी दिसला तर समजा हॉकर, पण ७०० आन ८०० दोघांना कोड तोच, म्हणून विमान समोर वळलं की पायलटची काच बघायची, ७०० ची सपाट तुकड्यांची, ८०० ची गोलसर वळलेली.