ऑनलाइन व्यवसायासाठी निश कशी ठरवावी

निश म्हणजे ठरावीक गरज असलेल्या गिऱ्हाइकांचा छोटा गट. ‘फिटनेस’, ‘पाळीव प्राणी’, ‘सौंदर्य’ यांना निश म्हणता येत नाही, या अख्ख्या बाजारपेठा आहेत आणि नव्या दुकानाचा तिथे निभाव लागत नाही. निश ठरवताना वस्तूआधी माणूस धरा. त्याची अडचण काय, ती किती वेळा उद्भवते आणि त्यासाठी तो आजही पैसे मोजतो का, हे बघा. ‘मत्स्यालयाचं साहित्य’ फार पसरट होतं. ‘छोट्या टाकीत शोभेची कोळंबी पाळणारे’ ही निश झाली. त्यांना पाण्यात मिसळायचे क्षार, पाणी तपासायचे किट, तांबं नसलेलं वनस्पतींचं खत (कोळंबीला तांबं सोसत नाही) असं बरंच काही लागतं, आणि यातलं बहुतेक संपणारं असतं. पुन्हा मागवणाऱ्या गिऱ्हाइकावर जाहिरातीचा खर्च जवळपास पडत नाही.

अशा दहा-बारा कल्पना लिहून काढा आणि मागणी तपासा. गूगल ट्रेंड्समध्ये (एखादा शब्द लोक किती शोधतात याचा आलेख दाखवणारं साधन) कालावधी पाच वर्षांचा ठेवा. तिथला ० ते १०० हा आकडा सापेक्ष असतो, १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. आलेख एकदाच उसळून खाली आला असेल तर ती लाट होती, सोडून द्या. दरवर्षी त्याच महिन्यांत चढत असेल तर धंदा हंगामी आहे. उरलेल्या महिन्यांचा खर्च कुठून निघणार, ते आधी ठरवा. महिन्याच्या शोधांचा अंदाज कीवर्ड प्लॅनर हे गूगलचं जाहिरातदारांसाठीचं साधन देतं. त्यातला ‘स्पर्धा’ हा रकाना जाहिरातदारांपुरता असतो. तो ‘कमी’ दिसला म्हणून सर्चमध्ये सहज वर येऊ, असं समजू नका.

स्पर्धक एकही नसणं हे बहुतेक वेळा वाईट लक्षण असतं. चार-पाच दुकानं चालू असतील तर त्यांचे दोन आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचून काढा. पाच ताऱ्यांत नुसतं कौतुक असतं, एका ताऱ्यात बऱ्याचदा डिलिव्हरीचा राग. वस्तूत नेमकं काय कमी पडतं, ते मधल्यांत सापडतं.

आता हिशेब. बहुतेक निश इथेच गळतात, म्हणून हा टप्पा टाळू नका. विक्रीची किंमत १०० धरा. माल ३५, पाठवणी १५, पॅकिंग ३, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) ३, परत येणाऱ्या मालाचा भार ८. उरले ३६. पानावर येणाऱ्या शंभरातले दोघे विकत घेतात असं मानलं तर एका ऑर्डरला ५० क्लिक लागतात. म्हणजे जाहिरातीच्या एका क्लिकला ०.७२ पेक्षा जास्त मोजलेत की पहिली ऑर्डर तोट्यात. कीवर्ड प्लॅनरमधली बोली (एका क्लिकसाठी जाहिरातदार देतात तो दर) याच आकड्याशी ताडून बघा. बोली वरचढ निघाली तर तीन वाटा राहतात: किंमत वाढवणं, वारंवार खरेदी होईल असा माल घेणं किंवा जाहिरातीऐवजी लेख-व्हिडिओंतून गिऱ्हाईक आणणं. तिसरी वाट स्वस्त दिसते, पण तिला महिनोन्‌महिने लागतात.

परताव्याचा आकडा वस्तूगणिक खूप बदलतो. मापाचे कपडे-चपला परत येतात, काच फुटते, अवजड वस्तू पाठवणीतच नफा खाते. औषधी दावे करावे लागतील अशा वस्तूंच्या जाहिराती नाकारल्या जातात, कधी खातंही बंद होतं. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

हिशेबात टिकलेल्या दोन-तीन कल्पनांसाठी माल भरण्याआधी एकेक साधं पान बनवा: फोटो, किंमत, पैसे भरून आगाऊ नोंदणी करायचं बटण. माल कधी मिळेल ते स्पष्ट लिहा आणि बेत रद्द झाला तर पैसे लगेच परत करा. नुसते ईमेल गोळा करून काही सिद्ध होत नाही, ‘छान आहे’ म्हणायला कुणाचं काय जातं? प्रत्येक पानावर किमान २०० क्लिक येऊ द्या. खरेदीचं प्रमाण खरोखर दोन टक्के असलं तरी १०० क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. २०० क्लिकला ती दोनच्या खाली जाते. तेवढ्यावरही पाटी कोरी राहिली तर आधी किंमत आणि फोटो बदलून एकदा बघा, मग यादीतली पुढची कल्पना घ्या.